पळसाकडून लावलेल्या चिठ्ठ्या

बाबा,

काल नात शाळेच्या शिबिराहून आली. नकाशाचा कागद माझ्यापुढे पसरून सांगू लागली, आजी, आम्हाला रानात सोडलं होतं, होकायंत्र धरून एकेक खूण शोधायची होती, मला सगळ्या सापडल्या. तिच्या आईनं तिची पाठ थोपटली. मी विचारलं, खुणा लावल्या कोणी? सरांनी लावल्या असतील नाहीतर शिपाईकाकांनी, असं म्हणून ती हिरमुसली. मी तिच्यावरच शंका घेतेय असं तिला वाटलं. तुमचे जावई असते तर त्यांनी तिला जवळ घेऊन समजावलं असतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्यांना लावून देणारं आता घरात कोणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

मी चौथीत होते. आपली शाळा नुकतीच जिल्हा परिषदेकडे गेली होती आणि तुम्ही तिथे शिपाई होतात. चौथी पास असल्याशिवाय ही नोकरी मिळत नाही, हे आई पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकवायची. घरी मात्र कुणाचं पत्र आलं की तुम्ही ते माझ्या हातात द्यायचात. वाच बरं, माह्ये डोळे चुरचुरून राह्यले, म्हणायचात. मी वाचायचे, पण मनात खटकायचं. पोतं शिवायच्या दाभणात सुतळी तुम्ही पहिल्या झटक्यात ओवायचात. तुरीच्या वावरात बसलेला तितर तुम्हाला सगळ्यांच्या आधी दिसायचा. मग डोळे फक्त कागदापुढेच का चुरचुरतात, हे मी कधी विचारलं नाही. बहुतेक मला उत्तर नको होतं.

त्या हिवाळ्यात खामगावहून नवे मास्तर आले. त्यांच्याकडे डबीएवढं होकायंत्र होतं. त्यांनी आपल्या शिवाराचा नकाशा काढला आणि कार्बन लावून आमच्यासाठी त्याच्या प्रती केल्या. नकाशा छातीशी धरायचा, त्यावरची उत्तर खऱ्या उत्तरेकडे वळवायची, आपण जिथे उभे आहोत तिथे अंगठा ठेवायचा आणि पुढे जाऊ तसा तो सरकवायचा. शंभर पावलं झाली की एक खडा उचलायचा. पोरांना खिसे होते, मी खडे परकराच्या ओच्यात धरायचे. गावाला हे काही आवडलं नव्हतं. जमिनीवर मर्यादा येणार, जास्तीची सरकारजमा होणार, अशा बातम्या तेव्हा साखरखेर्ड्याच्या बाजारातून यायच्या. पोरं धुऱ्याधुऱ्यानं, वावरांच्या बांधांवरून, पावलं मोजताना दिसली की लोक हातातलं काम टाकून बघत उभे राहायचे. एक म्हातारे तर शाळेतच आले आणि म्हणाले, मास्तर, माह्या वावराचा कागद कोनाले दाखवून राह्यले तुमी? मास्तर हसले. म्हातारे हसले नाहीत.

मास्तरांनी सांगितलं होतं की ज्याच्या पाचही खुणा बरोबर येतील त्याला खामगावच्या मुलांच्या मेळाव्याला नेणार. त्या रात्री मी आईला दहादा विचारलं, खामगावला आगगाडी खरंच गावात येते का. एवढंच नाही, मास्तर मला म्हणाले होते की मेळाव्याला आलीस तर पाचवीसाठी बाहेरगावी पाठवायचं मी तुझ्या वडिलांशी बोलेन. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगते.

पाच चिठ्ठ्यांवर लाल पेन्सिलीनं पाच अक्षरं होती. मास्तरांनी त्या वाटेच्या क्रमानं लावून तुमच्या हातात दिल्या: पहिली शाळेमागच्या कडुनिंबाला, मग विहीर, नाल्यावरची फरशी, म्हसोबाचा दगड, आणि शेवटची टेकडीखालच्या पळसाला. सकाळी तुम्ही म्हैस चारायला टेकडीकडे नेलीत. मी अंगणातून पाहत होते. वरची, म्हणजे कडुनिंबाची, चिठ्ठी तुम्ही पळसाला बांधलीत आणि बांधत बांधत शाळेकडे आलात. तुमच्या लेखी पाच झाडांना-दगडांना पाच कागद बांधायचे होते, ते बांधून झाले.

आम्हाला एकेक करून सोडलं. माझा नंबर शेवटचा. विहिरीपलीकडे बोरीखाली आमचा अख्खा वर्ग बोरं खात बसलेला. मोठ्या वाड्यावरच्या पोरानं मास्तरांच्या वहीतून अक्षरं तळहातावर उतरवून आणली होती आणि तो सगळ्यांना सांगत होता. मला म्हणाला, काऊन पाय तोडून राह्यली वं? बस इथं, लिहून घे. मी बसले नाही. पाचही ठिकाणी गेले, दिसलं ते लिहिलं, आणि ओच्यात खडे घेऊन धावत आले.

मास्तरांनी सगळ्यांचे कागद आपल्या वहीशी ताडून पाहिले. अकरा जणांचे बरोबर. माझं एकट्या फरशीचं अक्षर जुळलं. त्यांनी माझा कागद परत पाहिला, खालून वर वाचला, आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, "ऑफिस झाडायला वडिलांबरोबर तूच येतेस ना? चोरायचं तर नीट तरी चोरायचं. घाबरून उलटं उतरवलंस."

त्याच क्षणी मला सगळं कळलं. सकाळची म्हैस, पळस, तुमचे चुरचुरणारे डोळे, आणि घरात आलेलं प्रत्येक पत्र. तुम्ही घंटेपाशी उभे राहून ती पुसत होतात. मास्तर 'उलटं' म्हणाले तेव्हा तुमचा हात थांबला. थांबला हे मी पाहिलं, बाबा. मग तो पुन्हा पुसू लागला.

त्या अकरांतून मेळाव्याला एकटा वाड्यावरचा पोरगा गेला. पाचवीचं मास्तर तुमच्याशी कधीच बोलले नाहीत, आणि माझी शाळा चौथीतच संपली. पुढचं वाचायला मी माझी मीच शिकले, आधी पुड्यांच्या कागदांवर, लग्नानंतर गावच्या वाचनालयात. खूप वाचलं. पण कुठल्याही पुस्तकातल्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. तो काहीतरी लपवतोय असं वाटत राहतं.

चार दिवसांनी तुम्ही मला गवत कापायला सोबत नेलंत. गवत नाल्याकाठीच होतं, तरी तुम्ही आधी टेकडीपर्यंत गेलात. पळसापाशी थांबलात, मग म्हसोबापाशी, फरशीवर, विहिरीवर. कडुनिंबाखाली माझ्या डोक्यावरचा भारा उतरवून घेत विचारलंत, "तुले रस्ता बरोबर सापडला होता ना?"

मी म्हटलं, "हाव."

"मंग झालं."

एवढ्या वर्षांत हे दोन शब्द मी किती वेळा उलटून पालटून पाहिले असतील. ती कबुली होती का? की मी गप्प बसेन ना, याची खात्री करून घेत होतात? तुम्ही असेपर्यंत विचारायची हिंमत झाली नाही. सासरहून पत्र लिहून विचारावं असं एकदा मनात आलं, तर ते तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवलं असतं, म्हणून तेही राहिलं. हेही पत्र कुठे टाकायचं नाही.

तुमच्या जावयांना मी लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी हे सांगितलं. बापाची नोकरी वाचवायला दहा वर्षांच्या पोरीनं चोरीचा आळ अंगावर घेतला, असं ते भरल्या डोळ्यांनी पाहुण्यांना सांगायचे, तुमचं नाव न घेता. मी मान खाली घालून ऐकायचे आणि चहा टाकायला आत जायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी ते डॉक्टरांनाही सांगितलं. मी त्यांना खरं सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. तुमची नोकरी त्या दिवशी माझ्या मनातही आली नव्हती. अकरा पोरांसमोर माझ्या बापाला वाचता येत नाही हे कळेल, याची मला लाज वाटली. त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं होतं.