चाड्यातला दिवा

राजापेठ, अमरावती
२२ एप्रिल २०१९

ती. मैनावहिनींस,

सत्यवतीचा नमस्कार. इकडे महाराजांच्या कृपेने सर्व ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? भगवंतनं वावर नांगरून ठेवलं हे ऐकून बरं वाटलं. पोरगा बापावर गेला.

हे फोनवर सांगणार होते. पण तुमचा आवाज आला की मी लोणच्याचं विचारते आणि ठेवून देते. म्हणून हिशेबाच्या वहीतलं पान घेतलं.

आपल्या अमोलनं बडनेरा रोडच्या टॉवरमध्ये एका डॉक्टरीणबाईंचा फ्लॅट सजवून दिला. अकरावा मजला. वास्तुशांतीला मलाही नेलं. न्हाणीघर तुमच्या माजघराएवढं. भिंतीला लाकूड, छताला लाकूड. देवघर मात्र चपलांच्या कपाटाला लागून. मी म्हटलं, "अमोल, देवाले तरी विचारायचं होतं." तो हसला.

हॉलच्या भिंतीवर पेरणीची तिफण टांगली आहे.

पॉलिश केलेली. बी ओतायच्या चाड्यात दिवा बसवलाय, आणि जिथून बी पडायचं त्या तिन्ही नळ्यांतून उजेड खाली पडतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, हात लावून बघा, ओरिजिनल आहे." मी हात लावला. चाड्याच्या काठाला डालड्याच्या डब्याचा पत्रा ठोकलेला. तुम्हीच ठोकला होता वहिनी, दादा हसत उभे होते.

दीड वर्ष तुम्ही विचारता, "सुताराचं झालं का?" मी म्हणते, "होऊन राहिलं." सुताराकडे ती गेलीच नव्हती. दादा कपाशीवर फवारणी करून आले ते गेलेच, त्याच्या पुढच्याच महिन्यात अमोल म्हणाला, "आई, जुनं काही मिळेल का? लोकांना गावाकडचा लूक पाहिजे." दुरुस्त करून आणतो म्हणून मामीकडून तिफण घे, हे त्याला मीच शिकवलं. वाटलं, आता ट्रॅक्टरनं पेरतात, तिले कोण विचारते. जसं काही अक्षय्य तृतीयेची तिची पूजा मला माहीतच नव्हती. आपल्या घरी चाड्यात बियाची पहिली मूठ लेकीची, ती तर माझीच असायची. गेल्या साली तुम्ही रिकाम्या पाटावर हळदकुंकू वाहिलं म्हणे.

वास्तुशांतीच्या त्या दिवशी पांढऱ्या गालिच्यावर मला काळ्या मातीचे पाय दिसले. भिंतीपासून निघून माझ्यापाशी थांबलेले. बाकीचे प्रसाद खात होते. तेव्हापासून जपाला बसले की नळ्यांतून बी घरंगळल्याचा आवाज येतो, आणि मागून दादा म्हणतात, "सत्ते, मूठ सोड. कावून इतकं धरून राहिली?"

गुरुवारी मी एकटीच तिथं गेले. डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्यांनी चाडं स्वतःच्या हातानं काढून दिलं. बाकीची तिफण आता जुळायची नाही वहिनी. भिंतीवर मावावी म्हणून दांडी करवतीनं कापली आहे. अमोल म्हणाला, "आई, तू माझं नाव घालवलं." चार दिवस झाले, माझ्या हातचं जेवला नाही.

चाडं देवघरात ठेवलं, फुलं वाहिली. आवाज थांबत नाही. ते देवाचं नाही, तुमचं आहे.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं येते. पाट मांडायचा की दार लावून घ्यायचं, ते तुम्ही ठरवा. दार लावलं तर चाडं ओट्यावर ठेवीन, त्यात माझी मूठ सोडीन, आणि परतीच्या गाडीपर्यंत तिथंच बसून राहीन.

तुमच्याशी खोटं बोललेली,
दादाची सत्ती