मेन स्विच

मॅनेजर साहेबांना नमस्कार.

माझी नात तुमच्या संघातर्फे कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळते. मी तिचा आजोबा. शिक्षण बेताचंच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

रविवारच्या शर्यतीतून ती मध्येच गायब झाली. हरायला लागली म्हणून मुद्दाम बंद केलं, असं तुम्ही म्हणालात आणि आता तिला संघातून काढायला निघालात. साहेब, पोरगी लबाड नाही. मी तिच्या खुर्चीमागेच उभा होतो. तिची गाडी भिंतीवर आदळली, बॉनेटमधून धूर निघाला आणि ती "आई गं!" करून ओरडली. मी चाळीस वर्षं गॅरेजात काढली. ठोकलेल्या गाडीची आधी बॅटरी तोडायची, नाहीतर पेट घेते, हे अंगात भिनलंय. इथे बॅटरी कुठे दिसेना, म्हणून धावत जाऊन मी घराचा मेन स्विचच पाडला.

"आजोबा, लाइट गेली का हो? गाडी चालत होती अजून!" ती रडकुंडीला आली होती.

"गेली असेल बाई," मी म्हणालो आणि हळूच स्विच वर केला.

परवा तिने वायरमनला बोलावून सगळं घर तपासलं. तो म्हणाला, "वायरिंग ठणठणीत आहे." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आज संध्याकाळी तुमचा निर्णय आहे. तीन कागद फाडून हा चौथा पुरा केला. पण आजच्या आज पोचवायचा तर कॉम्प्युटरवरचा तुमचा पत्ता फक्त तिच्याकडे आहे. ती बाहेरच्या खोलीत बसलीय. दोनदा दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

आपला,
तिचा आजोबा