सतरा किलो सहाशे

रविवार, ११ नोव्हेंबर
सकाळी साडेदहा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तू, भावजी आणि पोरं मजेत असाल. इकडे आई बरी नाही, आई जोरात आहे!

हे वाक्य मी बदलणार होतो. पहिले चार शब्द वाचूनच तू फोनकडे धावशील असं वाटलं. पण आई म्हणाली, "राहू दे तसंच. धावू दे जरा. तेवढाच तिला व्यायाम."

फोनच का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर तू "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि माझा मुद्दा नेमका तेव्हाच हरवतो. माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्ध लिहायला तू शिकवलंस. म्हणून आज कच्चं लिहून, मग पक्कं करतो आहे.

तर बातमी. आज सकाळी सव्वासात वाजता आईने वीस किलोचं वजन जमिनीवरून उचलून आपल्या काटे-तराजूंच्या दुकानातल्या टेबलावर ठेवलं. एकटीने! पाय फाकवून उभी राहिली, पाठ सरळ, कमरेतून खाली बसली, वजनाची मूठ दोन्ही हातांनी धरली, श्वास सोडत उठली आणि ठेवलं. दाणकन नाही, अलगद. काच लावलेल्या टेबलावर ठेवतात तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंड मीट. माशी जाईल."

ताई, एकसष्ट वय! आणि फेब्रुवारीत हाच डावा हात प्लास्टरमध्ये होता. भाजीची पिशवी उचलवत नव्हती, वेणी मी घालत होतो. (वाकडी. तू हसली होतीस.)

तुला सगळं क्रमाने सांगतो. हाडांचे डॉक्टर म्हणाले होते ना, की हाडं विरळ झालीत, जपा. आपण जपा म्हणजे बसा असं धरलं. मी तर तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हतो. मे महिन्यात त्यांनी दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंकडे पाठवलं. त्या माझ्याच वयाच्या असतील, चणीने एवढ्याशा. त्या म्हणाल्या, "मावशी, बसून राहिलात तर स्नायूही जातील आणि हाडंही. वय वाढलं की वजन उचलायचं जास्त, कमी नाही. हळूहळू, पण उचलायचं. घरी काही वजन आहे का?"

आई इतकी हसली की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "बाई, आमच्या घरी वजनाशिवाय दुसरं आहे काय?"

मग सुरू झालं. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, वरचे दात झाले की पाय बदलायचा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं. भिंतीला तळहात लावून ढकलायचं. दोन हातांत दोन-दोन किलोची वजनं घेऊन अंगणात फेऱ्या, मग पाच-पाचची. काटा दुरुस्तीला घेऊन आलेलं गिऱ्हाईक दारात ताटकळत असायचं आणि आई म्हणायची, "थांबा, सहा फेऱ्या राहिल्यात." शेजारचे भंगारवाले काका तर आता स्वतःच फेऱ्या मोजतात. परवा तिला म्हणाले, "वहिनी, एक कमी घातलीत." रोज दूध, अंडं, दुपारची डाळ वाटीभर जास्त. झोपही लागते आता तिला, गोळीशिवाय.

आणि तीस तारखेला तू येणार. आईने रागाच्या भरात, गळ्यात हात अडकवलेला असताना घातलेली अट आपल्या तिघांना पाठ आहे. वीस किलोचं वजन तुझ्यासमोर तीनदा टेबलावर ठेवलं, तर दुकान चालू आणि ती इथेच. नाही जमलं, तर दुकानाला कुलूप लावून ती मुकाट्याने तुझ्याबरोबर तुझ्या पाचव्या मजल्यावरच्या घरी येणार. तू म्हणाली होतीस, "आई, वीस किलो म्हणजे थट्टा नाही." ती म्हणाली होती, "मला सांगतेस?"

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी दोनदा उठून पाणी प्यायलो.

सप्टेंबरमध्ये ती पंधरा किलोपर्यंत आली. मग म्हणाली, आता वीस. मला सारखं तिचं मोडलेलं मनगट दिसायचं. आपल्या मागच्या कपाटाखाली एक वीस किलोचं वजन होतं, ओतताना आत हवा राहिलेलं. बाहेरून अगदी वीसचं, अंकही उमटलेला, पण आतून पोकळ. कारखान्याला परत पाठवायचं राहून गेलेलं. ते मी घासलं, काळा रंग दिला, आणि आईच्या टेबलाखाली सरकवलं. खरं वीसचं कपाटाखाली गेलं.

एवढंच केलं. बोलून खोटं बोललो नाही. पण ताई, आपल्या घरात ह्याला दुसरं काही म्हणत नाहीत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती ते उचलायला लागली. केवढा आनंद! शेजारणींना बोलावून दाखवायची. मी टाळ्या वाजवायचो आणि माझे कान तापायचे.

सतरा ऑक्टोबरला व्यायामाच्या बाई स्वतः दुकानात आल्या, मावशींचा पराक्रम बघायला. आईने तीनदा उचललं. बाई खूश. आई तेवढ्यावर थांबेल तर आई कसली. म्हणाली, "आमच्याकडे पद्धत आहे. कामात घेतलेलं वजन आधी तपासायचं, मग बोलायचं. इतके दिवस नुसतंच उचलते आहे, तपासलं नाही." आणि मला म्हणाली, "मोठ्या तराजूत हे ठेव, आणि दुसऱ्या पारड्यात दहा-दहाची दोन."

मी ठेवलं. दुसरं काय करणार? ते पारडं जमिनीला टेकलं आणि आईचं वर लटकत राहिलं.

तिने आपल्या पारड्यात एक किलो टाकलं. मग आणखी एक. मग दोनशे, मग दोनशे. तेव्हा काटा मधोमध आला.

"सतरा किलो सहाशे," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला सांगते त्याच आवाजात.

बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "मावशी, साडेसतराही काही कमी नाही हो." आई म्हणाली, "कमी नाही. पण वीस नाही."

बाई गेल्यावर तिने विचारलं, "का?" मी म्हणालो, "तू पडशील म्हणून." ती म्हणाली, "मग सांगायचं होतंस, आई, हे सतरा सहाशेचं आहे. मी सतरा सहाशे उचललं असतं आणि ताठ मानेने सांगितलं असतं. आता माझ्या हाताला वाटतंय मी वीस उचललं, आणि ते खोटं आहे. लोकांचे काटे सरळ करण्यात माझी तीस वर्षं गेली रे."

दुसऱ्या दिवशी तिने कपाटाखालून खरं वीसचं काढून धरलं. गुडघ्यापर्यंत आलं आणि खाली गेलं. मग चार दिवस ती माझ्याशी गिऱ्हाइकांमार्फत बोलली. "त्याला म्हणावं, स्क्रू आण." "त्याला म्हणावं, जेव." भंगारवाले काका इमानेइतबारे दोन्हीकडचे निरोप पोचवायचे.

पाचव्या दिवशी मीच गेलो. म्हणालो, त्या पोकळ वजनाच्या मुठीला पिशवी बांधू. एका दिवसाआड दोनशे ग्रॅम वाढवू. मी मोजून देतो, तू तपासून घे. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पिशवीचंही वजन धर."

धरलं! पिशवी पंचेचाळीस ग्रॅम भरली. बावीस तारखेला सतरा आठशे, चोवीसला अठरा. प्रत्येक वेळी आधी तराजू, मग आई. ताई, माझं सारखं सारखं तपासणं आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं. एकोणीस चारशेला ती अडकली असं वाटलं, तर बाई म्हणाल्या, आज दुपारी जरा झोपा. झोपली, आणि संध्याकाळी उचललं.

आज पाळी एकोणीस आठशेची होती. मी पिशवी भरत होतो. ती म्हणाली, "ठेव ती पिशवी. खरं आण." पुढचं तुला वर लिहिलं आहे.

पण सगळं लिहितो. एकदा ठेवलं. दुसऱ्यांदाही ठेवलं, ओठ दाबून. तिसऱ्यांदा मांडीपर्यंत आणलं, थांबली, आणि नीट खाली ठेवलं. टाकलं नाही. "लिही तिला, दोनदा झालं," म्हणाली. "तिसरं तिच्यासमोर. आणि तिला म्हण, आल्यावर आधी वजन तराजूत घालून बघ, मग माझ्याकडे बघ." तुझ्यासाठी वेगळा निरोप असा, की चाळिशी तुझीही उलटली, गाडीतून उतरताना तुझा गुडघा वाजतो तो तिने ऐकला आहे, तेव्हा उद्यापासून खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा. भावजींनीही.

ह्यापुढचं मात्र तिने लिहायला सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत आई पडली तेव्हा पायरी ओली नव्हती. ओली होती हे आईने तुला सांगितलं, मला वाचवायला. त्या दिवशी दहा किलोचं वजन मागच्या खोलीत न्यायचं होतं आणि तिने मला हाक मारली. मी एक छोटा काटा तपासत होतो. बरोबर होता, तरी चौथ्यांदा तपासत होतो. "आलो," म्हणालो. दुसरी हाक. "आलो." तिसरी हाक. मग हाक आली नाही, आवाज आला.

आणि तिला तुझ्याकडे ने, असं मार्चमध्ये तुला फोन करून मीच म्हणालो होतो. माझ्याने सांभाळवत नाही म्हणालो होतो. खरं हे होतं की मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता. आईला अजून वाटतं, ही कल्पना तुझी. तू तिचा राग आठ महिने सोसलास आणि माझं नाव घेतलं नाहीस.

मी ते बोलणं मागे घेतो. तीस तारखेला तिसऱ्यांदा झालं नाही, तरी तिला नेऊ नकोस. अट तिची आहे, ती पाळेलही. पण तू नको पाळायला लावूस. पुढच्या महिन्यात होईल, त्याच्या पुढच्या होईल. ती उचलेल आणि मी शेजारी असेन.

हे पत्र पाकिटात घालायच्या आधी आई वाचणार, असं ठरलं आहे. म्हणजे शेवटचं तिलाही आत्ताच कळेल. तपासून दिलेलं बरं.

ता. क. : वाचलं. चष्मा काढून बराच वेळ पुसला. "पायरीचं मला माहीत होतं, फोनचं नव्हतं," एवढंच बोलली आणि दुकानात गेली. आता तिथून हाक आली आहे. एकच. बाकीचं तू आल्यावर, मी निघालो.

तुझा,
पहिल्या हाकेला उठलेला भाऊ