एक आकडा थोडा कमी

नवनगर, हुबळी
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप बाळाचार्य अज्जा यांना भार्गवीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. गोळी बदलल्यापासून अप्पांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे. नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, म्हणजे गेल्या फेब्रुवारीपेक्षा एक दिवस लवकर. मथुराअज्जींचा गुडघा कसा आहे? तेल चोळून झाल्यावर लगेच जिना चढू नका म्हणून त्यांना सांगा. त्या चढतात, मी पाहिलंय.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. शिवाय रविवारी तुमच्या ओसरीवरच्या वादात कुणाचं उत्तर अर्धं राहिलं तर पुढच्या रविवारच्या आत ते लेखी द्यायचं, हा तुमचाच नियम. माझं ९ तारखेला अर्धं राहिलं. मधला रविवार मी चुकवला. मुदत संपली आहे, तरी देते.

आधी त्या दिवशी काय झालं ते क्रमाने लिहिते. तुमच्या मळमड्डीत सध्या ते जसं सांगितलं जातंय, तसं ते झालं नव्हतं.

सुधींद्र भावजींनी फोनवर तो व्हिडिओ मोठ्याने लावला. माणूस चंद्रावर गेलाच नाही, अमेरिकेने सगळं स्टुडिओत चित्रित केलं. झेंडा हलतोय, आकाशात तारे नाहीत, सावल्या वाकड्या. मी म्हणाले, हे खोडायला दहा मिनिटं पुरतील. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "खोडायच्या आधी मांड. पूर्वपक्ष असा मांड, की सुधींद्रच म्हणाला पाहिजे, होय, हेच माझं म्हणणं. मग चहा. मग खोड."

"आमची केस मुद्दाम घालवायची नाही हं, वकीलबाई," भावजी म्हणाले.

अक्का नवऱ्याला म्हणाली, "तुमची केस तुम्ही बोलता तेव्हाच जाते."

मी झेंडा आणि सावल्या घेतल्याच नाहीत. झेंड्याला वरून आडवी दांडी होती, आणि हवा नसल्यामुळे एकदा हलला की तो लवकर थांबत नाही. उन्हातल्या जमिनीसाठी कॅमेरा लावला की तारे उमटत नाहीत. जमीन उंचसखल असली की सावल्या वाकतात. या मुद्द्यांवर उभा केलेला पूर्वपक्ष चहाच्या आधीच पडला असता, आणि समोरच्याचं म्हणणं मुद्दाम दुबळं मांडणं तुमच्या लेखी लबाडी आहे. म्हणून मी दुसरा मांडला.

अप्पांनीच वाट करून दिली. ते म्हणाले, "त्या कामावर चार लाख माणसं होती म्हणतात. एवढी सगळी गप्प बसतील?"

मी म्हणाले, गप्प बसायची गरजच नाही. पोशाख शिवणाऱ्याने खरा पोशाख शिवला. इंजिन करणाऱ्याने खरं इंजिन केलं. टाइप करणारीने समोर आलेला कागद चोख टाइप केला. ही सगळी माणसं शपथेवर खरं सांगतील आणि ते खरंच असेल. खोटं फक्त एका टेबलावर होतं. तिथे आकडा येतो आणि दुसरा होऊन पुढे जातो. त्या टेबलावरचा माणूस वाईटच असायला हवा असं नाही. त्याच्या मागे तारीख लागलेली असली की पुरे. आणि तो हुशार असेल तर आकडे फार चांगले लिहीत नाही. एक आकडा थोडा कमी ठेवतो.

"हौदु, हौदु! हेच माझं!" भावजी ओरडले.

"तुम्ही तर झेंड्याचं म्हणत होता," मथुराअज्जी म्हणाल्या. सगळे हसले.

तुम्ही हसला नाहीत. चहाचे कप येत होते तेव्हा माझ्याकडे वाकून हळूच विचारलंत, "एक आकडा थोडा कमी ठेवायचा, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस गं?"

मी म्हणाले, अंदाजाने बोलले. मग म्हणाले, लॅबमध्ये काम आहे, आणि निघाले. रविवार होता. आमची लॅब रविवारी बंद असते हे तुम्हाला माहीत आहे. स्कूटर मी घेऊन गेल्यामुळे अप्पांना चिगरी बसने घरी यावं लागलं.

भावजींनी माझं बोलणं फोनवर घेतलं होतं. फक्त पूर्वपक्ष घेतला म्हणून मी त्यांना दोष देत नाही, कारण पुढचा भाग झालाच नाही. कुणीतरी त्याखाली कन्नडमध्ये ओळी घातल्या आणि वर नाव दिलं, "हुबळीच्या इंजिनिअर बाईंनी चंद्राचं बिंग फोडलं." मंगळवारपर्यंत तो चाळीस हजार लोकांनी पाहिला होता. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला मला म्हणाला, "तुम्ही बोललात ते बरं झालं, अक्का. मला आधीपासून संशय होताच."

आता उत्तर.

माझ्या पूर्वपक्षात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आली नाही. मी धरून चालले की सगळे कागदच पाहतात आणि मूळ वस्तू कुणी मागत नाही. चंद्राच्या बाबतीत वस्तू मागता येते. तिथे ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून लेसर सोडला की जेमतेम अडीच सेकंदांत उजेड परत येतो. आरसे यंत्रानेही ठेवता येतात, रशियाने ठेवले आहेत, त्यामुळे एकटे आरसे पुरावा नव्हेत. पण तिथून पावणेचारशे किलोंहून जास्त दगडमाती आली आणि ती अनेक देशांच्या प्रयोगशाळांत गेली. रशियाने यंत्र पाठवून आणलेली मूठभर माती तिच्याशी जुळते. खोटं सापडलं असतं तर ते जगाला ओरडून सांगण्यात रशियाइतका फायदा कुणाचाच नव्हता. आपल्या चांद्रयान-२ने वरून घेतलेल्या चित्रांत, माणसं ज्यातून उतरली त्या यानाचा तिथेच राहिलेला खालचा भाग दिसतो. तेव्हा सह्या करणारे प्रामाणिक होते की नव्हते, हा प्रश्न उरतच नाही. वस्तू जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने पुन्हा मोजावं.

उत्तरपक्ष इथे संपतो. खाली सही करून पाकीट बंद करता येईल.

पण तुम्ही मला चंद्राबद्दल विचारलंच नव्हतं.

एक आकडा थोडा कमी ठेवायचा, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते मला १५ जानेवारीला दुपारी सुचलं.

बांधकामावर काँक्रीट ओततात तेव्हा त्यातूनच सहा इंची ठोकळे भरून ठेवतात. आम्ही त्यांना क्यूब म्हणतो. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती भाराला फुटतात त्यावरून काँक्रीटचं बळ कळतं. त्या दिवशी माझ्यासमोर तीन क्यूब होते, एका शाळेच्या नव्या इमारतीच्या पहिल्या स्लॅबचे. या स्लॅबखाली जूनपासून सहावी-सातवीचे वर्ग बसणार आणि तिच्यावर आणखी एक मजला चढणार. आकडा पंचवीसच्या वर यायला हवा होता. आले १६.८, १७.४ आणि १५.९.

मी वही राघवेंद्रकाकांपुढे ठेवली. लॅब त्यांची आहे. बेंगळुरूची नोकरी सुटून मी घरी बसले होते तेव्हा अप्पांच्या एका शब्दावर त्यांनी मला घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे.

"क्यूब साइटवर उन्हात पडले असतील, भार्गवी," ते म्हणाले. "पाण्यात ठेवलेच नसतील. स्लॅब बरी असेल."

हे अशक्य नाही. असं होतं. म्हणून मी म्हणाले, "मग स्लॅबमधून कोअर काढून बघू." म्हणजे तयार स्लॅबमध्येच ड्रिल करून काँक्रीटचा एक गोल तुकडा काढायचा आणि तो फोडायचा.

"आणि काम थांबवा म्हणून शाळेला कोण सांगणार? तू की मी?" मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बिडु, सोड ते. पंचवीसच्या वर राहू दे, झालं."

मी २८.३, २७.८ आणि २६.१ लिहिलं. शेवटचा मुद्दाम कमी, कारण तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की तपासणाऱ्याला शंका येते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

लॅबच्या कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसात वनिताने ते टाइप केलं. साइट इंजिनिअर संदीपने, क्यूब आपणच भरले, असं लिहून दिलं आहे आणि ते खरं आहे. रिपोर्टवर चार सह्या आहेत. दोन खऱ्या, एक राघवेंद्रकाकांची, एक माझी.

अजून एक सांगायचं आहे. काँक्रीट १७ डिसेंबरला ओतलं होतं. मी क्यूब फोडले अठ्ठाविसाव्याऐवजी एकोणतिसाव्या दिवशी. रिपोर्टमध्ये नेमका अठ्ठाविसावा दिवस हवा, म्हणून मी मोजून १४ जानेवारी, सकाळी ११ वाजून २० मिनिटं, असं लिहिलं. मोजणी बरोबर होती, पण मी कॅलेंडर पाहिलं नाही. १४ जानेवारीला संक्रांत होती. लॅबला कुलूप होतं. ११ वाजून २० मिनिटांनी मी तुमच्या ओसरीवर मथुराअज्जींच्या हातचं एळ्ळु-बेल्ल, संक्रांतीचा तीळगूळ, खात होते.

तो रिपोर्ट पाच आठवड्यांत किमान सहा जणांनी पाहिला असेल. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या फोटोतल्या सावल्या लोक कोनमापक लावून मोजतात. संक्रांतीला चाललेलं मशीन मात्र कुणाला दिसलं नाही.

माझं डोकं दुखतंय. उरलेलं नंतर लिहिते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काल दुपारी शाळेत गेले. मुख्याध्यापिका शकुंतला मॅडमना भेटले. वहीतल्या मूळ पानाचा फोटो बरोबर नेला होता.

त्यांनी मला पाहिल्याबरोबर ओळखलं. "तुम्ही त्या चंद्राच्या व्हिडिओतल्या ना? आमचे सातवीचे वर्गशिक्षक तो मुलांना दाखवत होते. मी बंद करायला लावला."

मी सांगायचं ते सांगितलं. सहा मिनिटं लागली. मग त्यांनी रिपोर्ट आणि वहीचं पान शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "कागद खोटा कसा करायचा ते तुम्ही त्या व्हिडिओत किती छान समजावून सांगितलंय. आता यातला कुठला कागद मी खरा धरू?"

तुमच्या ओसरीवर मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "दोन्हीही धरू नका. दुसऱ्या लॅबकडून कोअर काढून घ्या."

"हे जानेवारीत का नाही सांगितलंत? आता वरच्या कॉलमच्या सळ्या उभ्या राहिल्यात."

त्यांनी सगळं लेखी मागितलं. तिथेच बसून लिहून दिलं, सही केली. सोमवारपासून काम बंद राहील. कोअरचा निकाल यायला दहा-बारा दिवस लागतील. स्लॅब चांगली निघू शकते. निघाली तरी माझा रिपोर्ट खोटाच राहतो.

संध्याकाळी राघवेंद्रकाकांना जाऊन सांगितलं आणि राजीनामा दिला. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि एवढंच विचारलं, "अप्पांना सांगितलंस?"

नाही सांगितलं. दर शनिवारी सायंकाळी हे दोघं एकत्र कॉफी घेतात. तीस वर्षांत किती शनिवार चुकले असतील ते मोजता येईल इतके कमी आहेत. अप्पांनी माझ्यासाठी आयुष्यात एकदाच कुणाकडे शब्द टाकला, तो राघवेंद्रकाकांकडे. त्या दिवशी चार लाख माणसांचा प्रश्न त्यांनी माझी बाजू घेण्यासाठीच विचारला होता. मला अडलं तर आधार हवा म्हणून.

हे पत्र तुम्ही उद्या ओसरीवर मोठ्याने वाचावं अशी माझी इच्छा आहे. गुरुवारी लिहिलेलं आणि आज लिहिलेलं, दोन्ही. भावजींना फोनवर घेऊ द्या. माझं नाव गाळू नका. राघवेंद्रकाकांचं गाळायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला ते ठरवता येत नाही.

आता साडेचार झालेत. अप्पा बाहेरच्या खोलीत आहेत. कॉफीला निघायच्या आधी शर्टाला इस्त्री करतायत. सही झाली की मी हे त्यांच्या हातात देणार आहे. आणि वाचून झाल्यावर ते तुमच्याकडे पोहोचवतील का, असं विचारणार आहे.

अप्पा स्वतः घेऊन आले, तर त्यांना आत बोलवा आणि मथुराअज्जींना चहा टाकायला सांगा. त्यांनी आणलं नाही आणि हे पोस्टाने आलं, तर उद्याचा रविवार निघून गेलेला असेल. तेव्हा त्याच्या पुढच्या रविवारी वाचा. मी त्या दिवशी एकटी येईन आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देईन.

तुमची,
भार्गवी