खारवलेलं हाड

ठाणे, चेंदणी
ता. ९ नोव्हेंबर १९८८

तीर्थस्वरूप परशुरामकाकांस,
शेवंतीचा सा. न. वि. वि.

काल तुम्ही आमच्या लॅबच्या खिडकीत बरणी ठेवून गेलात आणि मी नेमकी जेवायला गेलेले. भेट चुकली ते बरंच झालं, नाहीतर सगळ्यांसमोर तुमच्याशी भांडले असते. कल्याणच्या डॉक्टरांनी काकीच्या गुडघ्यातला हाडाचा तुकडा तपासणीसाठी फॉर्मालिनच्या बाटलीत घालून तुमच्याजवळ दिला होता ना? मग तो माझ्या हाती लोणच्याच्या बरणीत, मिठात पुरलेला कसा आला? झाकण उघडलं आणि मला आपल्या माळ्यावरची सुकी मासळी आठवली. आमचे डॉक्टर आधी बरणीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला हसू यावं की रडू तेच कळेना.

काका, हा खेळ नाही. गुडघ्यात क्षय असेल तर गोळ्यांनी बरा होईल. कॅन्सर असेल तर पाय मांडीपासून काढावा लागेल. कुठलं खरं, ते हाच तुकडा सांगणार. त्याचे पातळ काप करून मी ते रंगवायचे आणि डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली बघायचे. मिठाने पेशी आक्रसल्या असतील आणि रंग नीट चढला नाही, तर काकीचा गुडघा पुन्हा उघडावा लागेल. तिच्या अंगात तेवढी ताकद आहे का, तुम्हीच सांगा.

रागाने लिहिलं. पण आई गेल्यावर तुम्ही दोघांनीच मला वाढवलं, तेव्हा राग तरी दुसऱ्या कुणावर काढू? काय झालं ते उलट टपाली कळवा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
शेवंती


डोंबिवली, खाडीकाठ
ता. १२ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. शेवंतीस,
काका-काकीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गाडीत बसलो तर पाऊण तासात तुझ्या दारात येईन, पण तुझी सुट्टी आणि माझी भरती कधी जुळत नाही, म्हणून लिहितो.

पोरी, झालं ते असं. कल्याणहून येताना बाटलीचं बूच निघालं आणि पाणी सगळं पिशवीत सांडलं. घरी येऊन बघतो तर तुकडा कोरडा, आणि वास असा की डोळ्यांतून धार लागली. मला वाटलं, नासला. त्या दिवशी तुझी लॅब बंद झालेली. कोळ्याच्या घरात एखादी गोष्ट नासायला लागली की हात कुठे जातो? मिठाकडे. तुझ्या काकीची चांगली बरणी घेतली आणि खाली मीठ, वर मीठ, मध्ये तिचं हाड. माझ्या अकलेप्रमाणे मी ते वाचवलं.

तुझं पत्र काकीला वाचून दाखवलं. ती खाटेवरून म्हणाली की जखमेवर मीठ चोळणारे नवरे गावात पुष्कळ पाहिले, बायकोचं हाड खारवणारा एवढा एकच. हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून निजली. पाय गेला तर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात कशी जाणार, एवढंच तिच्या मनात आहे. मला बोलत नाही, पण मला कळतं.

तू हाडं रंगवतेस हे ऐकून मला आमची जाळी आठवतात. ऐनाच्या झाडाची साल उकळून तिच्या पाण्यात सुती जाळी बुडवायचो. कोळीवाडाभर तो तुरट वास. तू लाल हात घेऊन शाळेत गेलेलीस आणि मास्तरांना वाटलं मेंदी आहे. आता सगळी नायलॉनची जाळी, रंगवायचं काम नाही. रंगते ती खाडी, कारखान्यांच्या कृपेने, आज निळी तर उद्या तांबडी.

तुझा रंग लवकर चढव गं. इथे मला घास उतरत नाही.

तुझी वाट बघणारा,
काका


ठाणे
ता. १७ नोव्हेंबर १९८८

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझा राग कुठच्या कुठे गेला. तुकड्यातलं मीठ हळूहळू धुऊन काढलं आणि तो पुन्हा फॉर्मालिनमध्ये ठेवला. आता तो सौम्य आम्लात आहे. हाड तसंच कापायला गेलं तर सुरी मोडते. आधी त्यातला चुना विरघळू द्यायचा, मग मेणात बसवून काप काढायचे.

तुम्ही घाई करायला सांगता. कल्याणच्या डॉक्टरांचाही निरोप आला की कडक आम्ल वापरा, लवकर होईल. होईलही. पण कडक आम्लाने पेशीच्या पोटातला ठिपका मरतो आणि मग त्यावर निळा रंग बसत नाही. तो ठिपका दिसला नाही तर क्षय काय आणि कॅन्सर काय, ओळखायचं कशावरून? काकी खारवणाची बरणी भरली की आम्हा पोरांना जवळ फिरकू द्यायची नाही. एकदा मी चोरून झाकण उघडलं तर पाठीत धपाटा बसला होता. मधेच उघडलं की मासळी नासते, हे तिचं सांगणं. तिला म्हणावं, यावेळी बरणी मी राखतेय.

मला भीती वाटते, काका. इतकी वर्षं परक्यांची हाडं रंगवली, कधी मागे वळून पाहिलं नाही. आता रोज येताजाता त्या बाटलीपाशी थांबते. याच पायाने ती मला शाळेच्या दारापर्यंत सोडायला यायची, डोक्यावर पाटी घेऊन. पोरी नाक दाबायच्या आणि मी तिला कोपऱ्यावरूनच परत जा म्हणायचे. ती हसून कोपऱ्यावर थांबायची.

थोडा धीर धरा. मीही धरतेय.

तुमची,
शेवंती


ठाणे
ता. २८ नोव्हेंबर १९८८

ती. स्व. काकांस आणि काकीस,
सा. न.

आधी बातमी, बाकी मागाहून. क्षय आहे. कॅन्सर नाही. पाय राहणार.

रंग चढला, काका! कडेच्या पेशी मिठाने सुरकुतल्या होत्या, पण आतला भाग सुरेख गुलाबी आणि ठिपके स्वच्छ निळे. त्यात क्षयाच्या गाठी डॉक्टरांना दिसल्या. मग जंतूंसाठी दुसरा रंग केला, त्यात निळ्यावर लाल काड्यांसारखे दोनतीन जंतू सापडले. डॉक्टर म्हणाले की सांडण्याआधी फॉर्मालिन थोडं मुरलं होतं आणि पुढे मिठाने तुकडा सडू दिला नाही. पुन्हा कुणी असलं करायचं नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलंय. पण सांगताना हसत होते.

गोळ्या खूप महिने घ्याव्या लागतील. गुडघा जरा ताठ राहील. काकीने गोळ्या चुकवल्या तर मी येऊन धपाटा घालीन. एक देणं आहेच माझ्याकडे.

आज पोटभर जेवा दोघं.

शेवंती


ठाणे
ता. ३ मार्च १९९७

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

काकीच्या बाराव्यानंतर मी निघाले तेव्हा तुम्ही उंबऱ्यात बसून होतात. घरी आल्यापासून तेच डोळ्यांसमोर आहे. गुडघ्याच्या त्या दुखण्यानंतर आठ वर्षं ती स्वतःच्या पायांवर बाजारात गेली, लंगडत का होईना. मी मनाला तेवढंच सांगत असते.

आमची लॅब वागळे इस्टेटमध्ये हलतेय. ज्यांवर काप रंगवतो त्या जुन्या काचा टाकून द्यायच्या ठरल्या. डॉक्टरांना विचारून त्यातली काकीच्या हाडाची एक मी मागून घेतली. ती कापसात गुंडाळून सोबतच्या डबीत पाठवते. निळा रंग आता उडत चाललाय, गुलाबी आहे. उन्हात धरा, दिसेल.

जपून राहा. मला आता रागवायला तुम्ही एकटेच उरलात.

तुमची,
शेवंती


डोंबिवली, खाडीकाठ
ता. १० मार्च १९९७

चि. सौ. शेवंतीस,
अनेक आशीर्वाद.

डबी पोचली. काच फुटली नाही. सकाळी खाडीवर बसून उन्हात धरली. नखाएवढा गुलाबी डाग दिसला. एवढ्याशा डागावर तिचा पाय अडला होता, असं मनात आलं आणि डोळे भरले. वयाचा दोष म्हण हवं तर.

काच तिच्याच बरणीत ठेवली आहे. तू परत पाठवल्यापासून ती बरणी तिने लोणच्याला कधी घेतली नाही. कुणी विचारलं की सांगायची, माझ्या नवऱ्याने त्यात मला ठेवलं होतं. आता तिची गोष्ट खरी झाली.

जन्मभर मासळीला मीठ तिने लावलं, शेवंते. मला ते एकदाच जमलं.

सवडीने येऊन जा. भरतीचं मी बघून घेईन.

तुझा,
काका