दुसरा गिअर आणि पेलाभर पाणी

प्रिय ताई,

आधी हे पत्र फाडू नकोस. तू मला सगळीकडे ब्लॉक केलंयस म्हणून हाताने लिहितोय. अक्षराला हसू नको, शाळा सुटल्यापासून पेन हातात धरलंय ते फक्त कुरिअरवाल्यासमोर सही करायला. आई उद्या तुझ्याकडे मुलुंडला येतेय, तिच्या पिशवीत लाडवांच्या डब्याखाली हे सारतोय. तिला पत्ता नाही. आणि आईशप्पथ सांगतो, ह्यात मस्करी नाहीये. माझं डोकं खरंच आउट झालंय.

झालंय असं की अप्पांनी फियाट बाहेर काढलीय. हो, तीच. तुझ्या लग्नात त्यांनी स्वतः मेण लावून चमकवली होती, झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, आणि तू मिहिरभावोजींच्या त्या मोठ्या पांढऱ्या गाडीत बसून गेलीस, ती. तेव्हापासून तिच्यावर कव्हर होतं ना. आपल्या सेक्टरच्या मांजरांनी वर संसार थाटला होता. एका सकाळी बघतो तर अप्पा खाली, कव्हर झटकतायत, मांजरांना हाकलतायत. मी म्हटलं, अप्पा, भंगारवाल्याला बोलावू का? असं बघितलं माझ्याकडे, की मी गप पाना घेऊन आलो.

बॅटरी नवी टाकली, गाडी खोकत खोकत चालू झाली. पण दुसऱ्या गिअरला जाताना असं कर्रर्र करायची की वरच्या मजल्यावरून लोक डोकवायचे. अप्पा म्हणाले, गिअरबॉक्समधलं ऑइल मेलंय, जा, नव्वद नंबर घेऊन ये. मला वाटलं ऑइल म्हणजे ऑइल. चारकोप इंडस्ट्रियलमध्ये धवलचं स्पेअरपार्टचं दुकान आहे ना, तिथे गेलो. नव्वद म्हणजे नुसता जाडपणा यार! त्याच्यापुढे परत दोन जाती, जीएल-फोर आणि जीएल-फाइव्ह. दोन्ही डबे सेम, वासही सेम घाणेरडा. धवल म्हणाला, डोळे मिटून फाइव्ह टाक रे, पाचात चार येतातच. मलाही पटलं. फोरजीपेक्षा फाइव्हजी भारी, तसंच हे. झकास म्हणून घेऊन आलो.

गाडी थोडी फिरवून गरम केली, मी खाली झोपलो, तळाचा बोल्ट काढून जुनं काळंमिट्ट ऑइल सोडलं. निम्मं ट्रेमध्ये, निम्मं माझ्या कानात. मग बाजूच्या भोकातून नवीन भरलं, बाहेर टिपकायला लागेपर्यंत. अप्पा वरून ऑर्डरी सोडतायत, हळू ओत, सरबत नाहीये ते. आणि एवढं करून गिअर? आधीपेक्षा बेकार! आता कर्रर्र तर होतंच, वर एक झटका. अप्पांनी डबा हातात घेतला, चष्मा वर करून वाचला, आणि फक्त म्हणाले, वाट लावलीस.

तळमजल्यावरचे श्यामकांतकाका आले. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणाचं तरी बोनेट उघडं दिसायचाच अवकाश. ते म्हणाले, अरे शहाण्या, आत पितळेच्या रिंगा असतात, फाइव्हमधला मसाला पितळ खातो. आई चिंच लावून पितळेचं भांडं घासते ना, तसं, फक्त आत घासणं कोणी थांबवत नाही. आणि पुढचं ऐक. म्हणे हे ऑइल फार गुळगुळीत. ती रिंग फिरत्या चाकाला जरा घासून त्याचा वेग जुळवते, तेव्हा गिअर पडतो. घासलंच नाही तर जुळणार काय? आता मला सांग, घासू नये म्हणून तर आपण ऑइल टाकतो ना? मग घासायला पण पाहिजे? मी म्हटलं काका, एक काय ते ठरवा. काकांनी मला पहिल्यापासून परत समजावलं, मला दुसऱ्यांदा पण कळलं नाही.

मग मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एक गोरा म्हणतो फोरच टाका. दुसरा म्हणतो हल्लीचं फाइव्ह पितळाला हात लावत नाही, घाबरू नका. तिसरा म्हणतो मी तर इंजिन ऑइल टाकतो, आणि त्याला सगळ्यात जास्त लाइक. मी अप्पांना म्हटलं, खोबरेल टाकूया, निदान वास बरा येईल. चप्पल फेकून मारली. नेम अजून चांगलाय त्यांचा.

पण ताई, माझं डोकं ऑइलने फिरलेलं नाही. फिरलंय ते अप्पांनी. गाडी टेस्टला निघाली की ते स्टीलचा पेला काठोकाठ पाण्याने भरतात आणि मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, पाटावर ठेवतात. बाजूला मला बसवतात. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. ते घाटकोपरच्या डॉक्टरांची गाडी चालवायचे तेव्हा ड्रायव्हर लोक असाच सराव करायचे म्हणे, मागच्या माणसाला गिअर बदललेला कळता कामा नये. ठीक आहे. पण आता मागे कोण बसणारेय? कोण डॉक्टर? फाइव्ह ऑइलवर दुसरा गिअर पहिल्यांदा टाकला आणि पाणी पाटावर. अप्पांनी ते सगळं ऑइल काढायला लावलं, फोर टाकलं. पहिल्या दिवशी थोडं सांडलं, मग कमी कमी होत गेलं. काल मला राहवलं नाही, मी गुपचूप एक घोट प्यायलो. घरी आल्यावर अप्पांनी पेला बघितला, चेहरा पडला. खाली वाकून सीटवर तळवा फिरवला. सीट कोरडी. मग माझ्या ओल्या मिशीकडे बघितलं. पुढचं सांगत नाही.

आणि रस्ते बघ कुठले. जोगेश्वरीवरून पवई, पवईचा चढ, भांडुप, आणि मुलुंड यायच्या जरा अलीकडून यू-टर्न. रोज तोच. वाटेत प्रत्येक स्पीडब्रेकरला पुटपुटतात, हा उंचाय, हा बराय. मला सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडे त्या बिल्डिंगखाली खोदून ठेवलंय का रे? कुठल्या, म्हटलं, तर काच पुसायला लागले. घरी बघावं तर आई जुन्या मऊ साड्या फाडून बारकी बारकी दुपटी शिवतेय. मी म्हटलं मांजरांना का? तर आई हसली, मग डोळे पुसले. ह्या घरात मला कोणी काही सांगतच नाही!

आज दुपारी मी वैतागून आईला म्हटलं, बोल, नाहीतर दुपटी घालून सोसायटीत फिरतो. तेव्हा तिने सांगितलं. तुला सातवा लागलाय. तुझ्या सासूबाईंशी बोलणं झालंय, रविवारी तू बाळंतपणाला इकडे येणार, मिहिरभावोजी त्यांच्या गाडीने सोडणार. मला सांगितलं नाही कारण मी स्टेटसला टाकलं असतं. टाकलं असतंच. पण ताई, भावोजी सोडणार हे आईचं आणि तुझं ठरलंय. अप्पांचं ठरलेलं वेगळंच आहे, आणि ते कोणाला बोललेले नाहीत, आईलासुद्धा नाही. मी दोन्हीकडचं जोडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो, पाटाशेजारी.

तर ऐक. रविवारी सकाळी ते तुझ्या बिल्डिंगखाली येतील. वर येणार नाहीत, फोन करणार नाहीत, ओळखतेस त्यांना. त्यांचा नेहमीचा हॉर्न वाजवतील, दोन छोटे, एक लांब. तसाच हॉर्न मी मागे तुझ्या गॅलरीखाली तोंडाने वाजवला होता, तू धावत आलीस, खाली मी एकटाच दात काढत उभा, आणि त्यावरून तू ब्लॉक केलंस. म्हणूनच हे लिहितोय. ह्यावेळी तुला वाटेल परत प्रीतमच, आणि तू येणार नाहीस. ते थोडं थांबतील आणि एक शब्द न बोलता गाडी वळवतील, मग कव्हर कायमचं. ह्यावेळी हॉर्न खरा असेल. भावोजींना सांग, त्यांच्या गाडीतून फक्त बॅगा आणा. आज संध्याकाळी पवईचा चढ दुसऱ्या गिअरवर चढलो, वरच्या सिग्नलला परत पहिला, दुसरा, आणि पेला काठोकाठ. मी प्यायलो पण नव्हतो. रविवारी पाट आणि पेला घरी ठेवून येतोय. डावीकडची जागा रिकामी असेल, उशी टाकलेली.

खाली ये गं.

तुझाच, शेजारच्या सीटवर तोंड बंद ठेवून बसणारा,
प्रीतम