जावयाच्या हमीतून मला मोकळे न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रायोजकत्व अधिकारी,
परदेशी रहिवासी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : जावयाच्या हमीतून मला मुक्त न करणेबाबत.
संदर्भ : आपणाकडून आलेले संमतीपत्र.

महोदय,

१. मी धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. माझ्या एकुलत्या एका मुलीच्या नवऱ्याला या देशात आणताना मी प्रायोजक म्हणून हमी लिहून दिली, की मुदत संपेपर्यंत त्याचे अन्न, निवारा, कपडालत्ता आणि औषधपाणी माझ्याकडे. वर्ष व्हायच्या आत मुलगी आजारात गेली. घरात जावई आणि मी उरलो.

२. आता जावयाने मला न विचारता आपल्याकडे अर्ज केला आहे, की सासूबाईंना जबाबदारीतून सोडवावे व त्याला मायदेशी परत पाठवावे. खिडकीवरच्या बाईंनी समजावले, की मुलीच्या मृत्यूने हमी आपोआप संपत नाही, मात्र दोघांची संमती असली तर संपते. सही करा आणि सुटा. बाई मनाने वाईट नाहीत. परंतु सुटायचे कशातून, हे मला उमगले नाही.

३. जावई सुतार आहे, कमावता आहे. तरी मुलगी गेल्यापासून तो ताटात दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. गरम पाण्याचा नळ विचारून सोडतो. खुर्चीच्या कडेवर बसतो. मी रागावले तेव्हा म्हणाला, "आई, तुम्ही मला तिच्यासाठी आणलंत. ती नाही, मग मी कुठल्या तोंडाने राहू?" मी त्याचा शर्ट इस्त्रीला घेतला आणि खूप रडले, हेही नमूद करते.

४. प्रायोजकाचे पोटचे मूल गेल्यास त्याने कोणाकडे पाहावे, असे कलम हमीपत्रात नाही. माझे गुडघे धरतात तेव्हा जावई मला हाताला धरून जिना उतरवतो. हे कोणत्या कलमात बसते, ते कळवावे. गरज सरो, वैद्य मरो, हे माझ्याने होणार नाही. सबब हमीची मुदत वाढवावी. नियमात बसल्यास माझ्या मरणापर्यंत.

५. तसेच त्याला कार्यालयाच्या शिक्क्यानिशी कळवावे, की तुमचा भार कोणालाही झालेला नाही. मी रोज सांगते, पण सासू मन राखते असे त्याला वाटते. शिक्क्यावर तरी विश्वास बसेल. त्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे, तेव्हा पत्र लवकर निघावे.

आपली नम्र, व अद्याप जबाबदार,
(सही)
इस्त्रीवाली, प्रायोजक
दिनांक : आजचा

सोबत :
१) संमतीपत्र, सही न करता परत.
२) मुलीच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल. मूळ दाखला जावयाच्या उशाखाली असतो. कृपया मागवू नये.